सासरेबुवांच्या ॲम्प्लिफायरचा कायापालट

मुकुल दिघे जेवता जेवता "मी करतो" एवढंच म्हणाला आणि अनुपमाने लाटणं खाली ठेवलं. लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती. या दोन शब्दांनंतर घरात काय काय घडतं, याचा तिला दांडगा अनुभव होता. मागच्या खेपेला हे शब्द उच्चारले गेले तेव्हा गीझर कायमचा गेला होता आणि त्याच्या आधीच्या खेपेला खालच्या मजल्यावरच्या मंडळींनी बोलणं टाकलं होतं.

"काय करतोस?" तिने विचारलं.

"बाबांचा ॲम्प्लिफायर. रिस्टोअर करतो. लग्नाच्या वाढदिवसाला हॉलमध्ये त्यावरच गाणी लावू. सरप्राइज!"

"मुकुल, त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं होतायत. जरा आनंदाचा दिवस आहे. त्यांना एखादी शाल घेऊ या ना."

पण मुकुलच्या डोळ्यांत ती चमक येऊन चुकली होती. ती चमक आली की शालीबिलीचा विषय संपतो.

गेली तीन वर्षं मुकुलला जुन्या ऑडिओचं वेड लागलं होतं. अंधेरीच्या एका विमा कंपनीत तो क्लेम विभागात होता. दिवसभर लोकांचे अर्ज 'नुकसानीपूर्वीचा फोटो जोडलेला नाही' असा शेरा मारून परत पाठवायचे आणि संध्याकाळी मालाडला घरी येऊन बाल्कनीत पत्रा घासत बसायचं, हा त्याचा दिनक्रम. वायरिंग तो बरं करायचा, हे कबूल केलं पाहिजे. (गोष्ट सांगणाऱ्याने थोडा तरी न्याय करावा.) पण त्याचा खरा जीव होता तो चॅसिसवर, म्हणजे ज्या पत्र्याच्या खोक्यावर जुन्या रेडिओतल्यासारखे काचेचे व्हॉल्व्ह, ट्रान्सफॉर्मर वगैरे सगळा संसार मांडलेला असतो त्या खोक्यावर. ते घासायचं, रंगवायचं, रंग भाजून काढायचा, त्यावर बटणांची नावं उमटवायची आणि नावांवर पारदर्शक लॅकरचा हात देऊन पुन्हा भाजायचं. नखाने खरवडलं तरी अक्षर निघता कामा नये, असा त्याचा बाणा होता. सुरुवातीला हे भाजकाम अनुपमाच्या केकच्या ओव्हनमध्ये चालायचं. त्या वर्षी दिवाळीत तिच्या नानकटाईला जी आगळी चव आली, तिला पाहुण्यांनी "नवीन इसेन्स वाटतं" म्हणून दाद दिली आणि दुसरी नानकटाई कोणीही उचलली नाही.

आता सासरेबुवांविषयी. दत्ताराम परब हे मूळचे कुडाळचे, गिरणीत इलेक्ट्रिक खात्यात होते आणि संध्याकाळी लग्नामुंजींना लाउडस्पीकर लावायचे. तो ॲम्प्लिफायर त्यांनी स्वतःच्या हाताने बांधला होता आणि लालबागच्या त्यांच्या चाळीतला तीस वर्षांचा गणपती त्यावर गाजला होता. गिरणी गेली, चाळ गेली, परब मंडळी दिंडोशीच्या कॉलनीत आली, ॲम्प्लिफायर कपाटावर गेला. मुलगी बघायला आलेल्या मुकुलला त्यांनी पगार विचारला नव्हता, पत्रिका विचारली नव्हती. "फ्यूज बांधूक येता?" एवढंच विचारलं होतं. मुकुल म्हणाला होता, "आम्ही इलेक्ट्रिशियनला बोलावतो." तेव्हापासून एकोणीस वर्षं दत्तारामांनी जावयाला दिवाळीला कपडे केले, अधिक महिन्यात वाण दिलं, आब राखून 'तुमी'ही म्हटलं, पण 'बरा केलात' हे दोन शब्द काही त्यांच्या तोंडून निघाले नाहीत. मुकुलला तेच ऐकायचं होतं. पन्नाशी, शाल, सरप्राइज हे सगळं निमित्त होतं.

ॲम्प्लिफायर आणायला गेला तेव्हा सासरेबुवांनी तो कपाटावरून स्वतः उतरवला आणि पंच्याने पुसून त्याच्या हवाली केला.

"जावयबापू, आत काय बिघाडला ता बगा. भायर हात लावू नकात."

"नाही बाबा, बाहेर कशाला लावीन!" मुकुल म्हणाला आणि ते त्याने त्या क्षणी मनापासून म्हटलं होतं.

सासूबाई, म्हणजे मालनबाई, स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या खोक्याकडे बघून, का कोण जाणे, जराशा हसल्या.

घरी आणून मुकुलने ॲम्प्लिफायर उघडला. आतलं काम चार संध्याकाळींत झालं. फुगलेले कंडेन्सर बदलले, एक व्हॉल्व्ह बदलला, आवाज असा खणखणीत आला की शेजाऱ्यांनी भिंत ठोकली. इथे शहाण्या माणसाने झाकण लावलं असतं. पण मुकुलला वाटलं, वरून नुसतं पुसून घेऊ. एका कोपऱ्यावर त्याने थिनरचा बोळा फिरवला. कोपरा लखलखला. त्यामुळे उरलेलं खोकं एकदम कळकट दिसायला लागलं. म्हणून दुसरा कोपरा. मग कोपरे चकचकीत आणि मध्ये पन्नास वर्षांची काजळी, हे बरं दिसेना. शिवाय पुढच्या बाजूला बटणांखाली पांढऱ्या ऑइलपेंटने काढलेली ती वेडीवाकडी अक्षरं: मायक, आवाज, जाड, बारीक (म्हणजे बास आणि ट्रेबल), चालू. एक अक्षर वर, एक खाली, 'ज' तर बटणावर चढायला निघालेला. मुकुलच्या कलासक्त मनाला ते सोसेना. त्याने सगळे भाग उतरवले, रंग काढायचं औषध आणलं, बाल्कनीत खोकं आडवं घातलं आणि औषध थापलं. दहा मिनिटांत रंग सुरकुतला. पत्र्याच्या पट्टीने खरवडला, पॉलिश पेपर मारला आणि आरशासारखा पत्रा काढून तो त्यात स्वतःचा चेहरा बघत बसला असताना अनुपमा ऑफिसातून घरी आली.

"हे काय आहे?"

"बाबांचा ॲम्प्लिफायर," मुकुल अभिमानाने म्हणाला.

"अक्षरं कुठे गेली?"

"काढली. कुठल्यातरी पेंटरने प्यायल्यावर काढली होती गं. आता साकीनाक्याला चंद्रप्रकाशकडे स्क्रीन प्रिंटिंग करून आणतो, झकास इंग्लिशमध्ये."

अनुपमा पर्ससकट खुर्चीत बसली.

"मुकुल, ते आईचं अक्षर होतं."

"कोणाच्या आईचं?"

"माझ्या आईचं! लग्नाच्या पहिल्या वर्षी काढलेलं. बाबांनी पन्नास वर्षांत त्या खोक्याला दुसरा रंग लावू दिला नव्हता. आई अजून कपाटासमोरून जाताना वर बघते. वाट लावलीस तू!"

मुकुलच्या हातातला पॉलिश पेपर गळून पडला. वाईट त्याला खरोखरच वाटलं. बराच वेळ तो त्या चकचकीत पत्र्याकडे बघत राहिला आणि पत्र्यातून एक मूर्ख माणूस त्याच्याकडे बघत राहिला.

"फोटो असतील ना तुझ्याकडे?" अनुपमाने शेवटी विचारलं. "आधीचे?"

फोटो होते. एकतीस होते. त्यातले तीस आतल्या वायरिंगचे. एकतिसाव्या फोटोत पुढची बाजू होती, पण तो फोटो मुकुलने 'व्हॉल्व्हवाले' या व्हॉट्सॲप ग्रुपसाठी स्वतःसकट काढला होता. चौकटभर मुकुल हसत होता आणि त्याच्या उजव्या कानामागून एक 'क' डोकावत होता. हाच मनुष्य दिवसभर लोकांचे क्लेम नाकारत असे, हे वाचकांनी विसरू नये.

"आईला सांगून टाक," अनुपमा म्हणाली.

"वेडी आहेस का? सोहळ्याला नऊ दिवस राहिलेत. आपण आईंकडून तेच शब्द पुन्हा लिहून घेऊ. कागदावर. त्यांना कळू न देता. कागदावरून फिल्म, फिल्मवरून स्क्रीन, स्क्रीनवरून चॅसिस. त्यांचंच अक्षर, त्यांचाच पत्रा. कोणाला शंकासुद्धा येणार नाही."

(एवढी बुद्धी त्याने बोळा फिरवण्याआधी वापरली असती तर ही गोष्टच झाली नसती.)

दुसऱ्या दिवशी लंच टाइममध्ये त्याने मालनबाईंना फोन लावला.

"आई, हॉलच्या तयारीची यादी करायची होती. तुम्ही जरा लिहून घेता का? आणि मला फोटो पाठवा."

"मी कित्याक? अनुपमा नाय तिकडे?"

"तिचं अक्षर कळत नाही."

"बरा. सांगा."

आता नाश्त्याच्या यादीत 'मायक' आणि 'आवाज' कसे घुसवायचे, यावर मुकुलने रात्रभर विचार केला होता आणि त्या विचाराचं फळ त्याने एका दमात सांगितलं.

"लिहा. जाड पोहे दोन किलो."

"जाड? हॉलात केटरर आसा मा?"

"असू दे, लिहा. मग बारीक शेव. पुढे, मायक हॉलवाल्याचा घेऊ नये. मग, आवाज कमी ठेवणे, वर आजारी माणूस आहे."

"अगे बाय माझे! खंयचो आजारी?"

"आहे कोणीतरी. आणि शेवटी, पंखे चालू आहेत का बघणे. झालं."

मग मालनबाई म्हणाल्या, "जावयबापू, तुमची तब्येत बरी आसा ना?"

अर्ध्या तासाने दत्तारामांच्या फोनवरून यादीचा फोटो आला. संध्याकाळी अनुपमाने तो बघितला आणि तिचे डोळे भरून आले. "हेच रे, हेच! हा 'ज' बघ. आईचा 'ज' असाच असतो." पन्नास वर्षांत अक्षर बरंच सुधारलं होतं, पण माणूस सुधारत जातो, अशी मुकुलने स्वतःची समजूत काढली. त्याने फोटोवर बोटाने पाच लाल गोल काढले. प्रत्येक ओळीतल्या हव्या त्या शब्दाभोवती एक आणि शेजारी बटणाचा नंबर. फोटो चंद्रप्रकाशला पाठवला आणि खोकं सकाळी साकीनाक्याला पोचतं केलं.

चंद्रप्रकाश हा साकीनाक्याच्या एका गाळ्यात रंगभट्टी आणि स्क्रीन प्रिंटिंग चालवायचा. लिफ्टच्या पाट्या, मीटरच्या डबड्या, बँकेच्या लॉकरचे नंबर, सगळं त्याच्याकडे व्हायचं. त्याच्या हाताला तोड नव्हती. फक्त एक तत्त्व होतं, ते तो गाळ्यात शिरल्या शिरल्या प्रत्येकाला सांगून टाकायचा: "हम पढते नहीं साहब, हम छापते हैं." पूर्वी एकदा त्याने एका गिऱ्हाइकाचा मजकूर स्वतःच्या मनाने दुरुस्त केला होता आणि त्यावरून मारामारी झाली होती म्हणे. मुकुलला हे तत्त्व ठाऊक होतं. त्याला ते प्रामाणिकपणाचं वाटायचं.

"पाचों बटन के नीचे, जो गोल किया है वो," मुकुलने फोनवर सांगितलं.

"हो जाएगा साहब. ऊपर से लॅकर मार के पका दूंगा. पचास साल नहीं हिलेगा."

सोहळा रविवारी. खोकं शुक्रवारी संध्याकाळी वर्तमानपत्रात गुंडाळून आलं. मुकुलने दोरा सोडला, कागद उलगडला. करडा हॅमरटोन, म्हणजे हातोडीने ठोकल्यासारख्या खवल्यांचा रंग, असा उतरला होता की हात फिरवावासा वाटावा. मग त्याची नजर बटणांच्या भोकांखाली गेली.

पहिल्या भोकाखाली होतं: मायक हॉलवाल्याचा घेऊ नये. दुसऱ्याखाली: आवाज कमी ठेवणे, वर आजारी माणूस आहे. तिसऱ्याखाली जाड पोहे दोन किलो, चौथ्याखाली बारीक शेव आणि शेवटी, लाल दिव्याशेजारी, पंखे चालू आहेत का बघणे. गोल केलेला शब्द ठळक, बाकीची ओळ बारीक. सगळं पांढरंशुभ्र, रेषेत, लॅकरखाली आणि पक्कं भाजलेलं. मुकुलने नखाने खरवडून बघितलं. त्याच्याच बाण्याप्रमाणे अक्षर जागचं हललं नाही.

"चंद्रप्रकाश! ये क्या छापा है?"

"क्यों साहब, गोलवाला बोल्ड नहीं आया?"

"अरे, सिर्फ गोलवाला शब्द छापना था! बाकी नहीं!"

"तो बाकी भेजा क्यूं?" चंद्रप्रकाशने शांतपणे विचारलं. "मैंने समझा गोल मतलब इंपॉर्टंट. बहुत छोटे साइज में बिठाना पडा, साहब. दो बार फिल्म निकाली."

"कल सुबह दुबारा करके दे."

"कल से भट्टी बंद. साली की शादी है, गांव जा रहा हूं. दस दिन बाद ले आना."

अनुपमाने ते खोकं बघितलं तेव्हा मुकुलला वाटलं, आता ही रडणार. ती आधी हसायला लागली, हसता हसता जमिनीवर बसली आणि मग थोडी रडलीसुद्धा. "आता तरी सांग त्यांना," ती डोळे पुसत म्हणाली.

पण मुकुलला अजून 'बरा केलात' ऐकायचं होतं. त्याने शनिवारी रजा टाकली, सगळे भाग परत बसवले, वायरी डागल्या आणि करडी चिकटपट्टी आणून नको त्या शब्दांवर नेमकी कापून लावली. चार फुटांवरून बघितलं तर मायक, आवाज, जाड, बारीक, चालू एवढंच दिसत होतं. पट्ट्या जरा उठून दिसत होत्या, पण अनुपमाला त्याने सांगितलं की ती डिझाइनची स्टाइल आहे. ती म्हणाली, "हो, मलमपट्टी स्टाइल."

रविवारी सकाळी दिंडोशीच्या कॉलनीतला हॉल भरला. कुडाळकडची मंडळी होती, गिरणीतले जुने दोस्त होते, शेजारपाजार होता. मालनबाई जांभळ्या पैठणीत, दत्ताराम नव्या झब्ब्यात. टेबलावर चादरीखाली झाकलेलं खोकं. मुकुलने चादर ओढली आणि हॉलमध्ये 'अरे!' असा एकच आवाज उठला. दत्ताराम उठून पुढे आले. हॅमरटोनवरून बोटं फिरवली. मग सवयीने, न बघता, शेवटचं बटण खटकन दाबलं. लाल दिवा लागला, व्हॉल्व्ह हळूहळू तांबूस झाले. त्यांनी मायक हातात घेतला, फुंकर मारली आणि तो जुना, भरदार आवाज हॉलभर घुमला तेव्हा म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मुकुलच्याही आलं. त्याने मान पुढे केली. आता येतील ते दोन शब्द, आता येतील.

"जावयबापू," दत्ताराम मायकवरच म्हणाले, "आवाज..."

आणि थांबले. कारण व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर तापतो. तापण्यासाठीच तो प्रसिद्ध आहे. मुकुलने तीन वर्षांत शंभर वेळा त्यावर हात पोळून घेतला होता. मात्र चिकटपट्टीचा डिंक तापल्यावर सुटतो, ही गोष्ट त्याच्या हिशेबात राहून गेली होती. पहिली पट्टी अलगद सुटली आणि दत्तारामांच्या चपलेवर पडली. त्यांनी खिशातून चष्मा काढला, नाकावर चढवला आणि हातात मायक आहे हे विसरून वाचायला सुरुवात केली.

"जाड... पोहे... दोन किलो?"

पोह्यांची घोषणा झाली असं वाटून मागच्या रांगेतले दोघं उठलेसुद्धा. दुसरी पट्टी सुटली.

"बारीक शेव."

"ती वरून घालायची असेल," कोणीतरी समजूतदारपणे म्हणालं. मुकुल टेबलाकडे धावला, पण मध्ये पाटावरचं औक्षणाचं ताट होतं. ते वाचवताना तो गुडघ्यावर आला आणि तेवढ्यात सर्वांत लांब पट्टी गळून पडली. दत्तारामांनी ती ओळ सावकाश, ठणठणीत आवाजात, त्यांच्याच हाताने बांधलेल्या ॲम्प्लिफायरवरून साऱ्या दिंडोशीला ऐकवली.

"आवाज कमी ठेवणे. वर आजारी माणूस आहे."

सत्तर माणसांनी एकदम छताकडे बघितलं. मंडळी कुजबुजत बोलू लागली. गिरणीतल्या एका दोस्ताने चपला काढून हातात घेतल्या. दत्तारामांनीसुद्धा मायक खाली ठेवून हलक्या आवाजात विचारलं, "कोण आसा वर?"

वर गच्ची होती.

तेवढ्यात दुसऱ्या रांगेतून परबांच्या शेजारीण शेवंतीताई पदर सावरत पुढे आल्या, खोक्याशी वाकल्या आणि टाळी वाजवून म्हणाल्या, "अय्या! हे तर माझं अक्षर!"

"तुमचं?" अनुपमा किंचाळली.

"मग? मालनवहिनींचे हात नारळाच्या रसात बरबटलेले, फोन स्पीकरवर टाकलेला. मला म्हणाल्या, शेवंते, तू लिही. मीच नाही का लिहिलं! बाई, बाई, कित्ती छान छापलंय! एक फोटो काढा ना कोणीतरी."

आणि खरोखरच लोकांनी फोटो काढले. शेवंतीताई ॲम्प्लिफायरला टेकून उभ्या, डाव्या हाताला दत्ताराम. लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला नवऱ्याच्या जिवाभावाच्या वस्तूवर शेजारणीचं अक्षर कायमचं भाजून घ्यायची कल्पना दुसऱ्या कुठल्या जावयाला सुचली असती असं वाटत नाही.

मालनबाई मात्र खुर्चीतून उठल्या नव्हत्या. गर्दी पोह्यांकडे वळल्यावर (पोहे नव्हते, इडल्या होत्या) त्यांनी मुकुलला जवळ बोलावलं.

"माझी अक्षरां खंय गेली?"

खोटं बोलायला मुकुलकडे अजून दोन-तीन गोष्टी शिल्लक होत्या. पण त्या बाईच्या चेहऱ्याकडे बघून त्याला एकही सांगवेना.

"मी पुसली, आई. मला माहीत नव्हतं. मला ती... मला ती वाकडी वाटली."

"वाकडीच होती ती." मालनबाई जराशा हसल्या, पण डोळे हसले नाहीत. "लगीन होऊन दोन म्हयने झाले होते. ह्ये माझ्याशी 'च्या दी' आणि 'मासे काय हाडलंस' ह्याच्यापलीकडे बोलत नव्हते. मी सातवी शिकलेली, ह्ये चौथी. ता म्हायत होता म्हणान लाजत असतीत. एक दिवस ता खोका फुड्यात ठेवल्यानी आणि म्हणाले, 'तुझा अक्षर बरा आसा मा? माका नावां घालून दी.' माझो हात असो कापत होतो. म्हणान वाकडी इली."

एकोणीस वर्षांत मुकुलला इतकी लाज कधी वाटली नव्हती. त्याने वाकून त्यांच्या पायांना हात लावला.

"उठा," त्या म्हणाल्या. "पुसूचा औषध उरला आसा?"

पुढच्या रविवारी मुकुल दिंडोशीला गेला तो औषधाचा डबा, पॉलिश पेपर आणि हॅमरटोन घेऊन. परबांच्या बाल्कनीत, सासऱ्यांच्या डोळ्यांदेखत, त्याने शेवंतीताईंचं अक्षर दोन तास खरवडलं. (शेजारच्या बाल्कनीतून शेवंतीताई बघत होत्या. त्यांनी त्या दिवसापासून मुकुलला हाक मारणं सोडलं.) पत्रा पुन्हा लखलखला. दत्ताराम स्टुलावर बसून एकटक बघत होते. शेवटी त्यांनी मान हलवली.

"बरा केलात हो, जावयबापू," ते म्हणाले. "पुसूचा काम तुमका बरा येता."

ते दोन शब्द आले, पण अशा सोबतीने आले की मुकुलला ते घरी नेऊन कोणाला सांगता येईनात.

हॅमरटोन वाळायला दोन दिवस गेले. मंगळवारी मालनबाईंनी बाल्कनीत जमिनीवर बैठक मारली, खोकं पुढ्यात घेतलं, पांढऱ्या ऑइलपेंटच्या डबीत बारीक कुंचला बुडवला. दत्ताराम बाजूला बसून टॉर्च धरत होते. हात या वेळीही कापत होता, आता वयाने. मायक, आवाज, जाड, बारीक, चालू. एक अक्षर वर, एक खाली, 'ज' पुन्हा बटणावर चढायला निघालेला. अनुपमा ऑफिसातून परस्पर तिथे आली होती. तिने यच्चयावत बाजूंनी फोटो काढले आणि एकाही फोटोत मुकुलला येऊ दिलं नाही.

"झालं ना, आई?" मुकुल दारातूनच म्हणाला. बाल्कनीत यायची त्याला परवानगी नव्हती. "आता वरून लॅकरचा एक हात मारू या का? म्हणजे पक्कं..."

तिघांनीही त्याच्याकडे बघितलं.

मालनबाईंनी कुंचला पुन्हा डबीत बुडवला. "थांबा, एक ऱ्हवला," म्हणाल्या आणि बटणांच्या खाली जी रिकामी जागा होती तिथे, डावीकडून उजवीकडे पुरेल असा अंदाज घेत, ठळक, सावकाश, सगळ्यांत सुवाच्य अशी सहावी ओळ लिहिली. मुकुलने दारातून मान लांब करून ती वाचली.

'जावयांनी हात लावू नये.'